लंबकाच्या नादी लागलेला माणूस

अकरावी-बारावीला सायन्स घेतलेल्या प्रत्येकाने एक प्रॅक्टिकल केलेलं असतं. स्टँडला दोरा, दोऱ्याला धातूचा गोळा, हातात स्टॉपवॉच. वीस दोलनं मोजायची आणि अठराव्याला शेजारचा काहीतरी विचारतो, की पुन्हा पहिल्यापासून. मग लांबी आणि दोलनकालाचा वर्ग यांचा ग्राफ काढायचा. तो सरळ रेषेत यायला हवा आणि नाही आला तर कसा आणायचा, हे मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये असतंच. दोन पाय गुणिले वर्गमूळात एल भागिले जी, हे सूत्र लिहिलं की एक्सपरिमेंट संपला.

आर्ट्स-कॉमर्सच्या मंडळींसाठी सोपं करून सांगायचं तर एवढंच: दोरी चौपट लांब केली की लंबकाला एका फेरीला दुप्पट वेळ लागतो, म्हणजे वारंवारता निम्मी होते. नऊपट केली तर तिपटीने मंदावतो. पंचवीस सेंटिमीटरचा लंबक साधारण एका सेकंदात जाऊन परत येतो, एक मीटरचा दोन सेकंदांत. गोळा जड की हलका, याने काही फरक पडत नाही.

हे सूत्र आकाशातून पडलेलं नाही. डिसेंबर १६५९ मध्ये हॉलंडमधल्या हेग शहरात, तिशीतल्या एका अविवाहित आणि वडिलांच्याच घरात राहणाऱ्या माणसाने ते कागदावर मांडलं. त्याचं नाव ख्रिस्तियान हायगेन्स. आपल्या पुस्तकांत तो प्रकाशाच्या तरंग सिद्धांताच्या धड्यात दोन ओळींपुरता येतो आणि जातो. खरं तर त्याचं निम्मं आयुष्य लंबकापायी गेलं. त्याला त्यात सूत्र नको होतं. त्याला भर समुद्रात आपण कुठे आहोत हे सांगणारं घड्याळ हवं होतं.

घर मोठं, अपेक्षा त्याहून मोठ्या

जन्म १४ एप्रिल १६२९, हेग. म्हणजे शिवाजी महाराजांपेक्षा जेमतेम दहा महिन्यांनी मोठा. वडील कॉन्स्टंटाइन हायगेन्स हे हॉलंडमधलं बडं प्रस्थ. ऑरेंज घराण्याच्या राजपुत्राचे चिटणीस, कवी, संगीतकार. घरात येणारे-जाणारेही तसेच. तत्त्वज्ञ देकार्त हा त्यातलाच एक, वडिलांचा मित्र. पोरगा आठ वर्षांचा असताना आई गेली. पाच भावंडं. शिक्षण घरीच, खास ठेवलेल्या शिक्षकांकडून. लॅटिन, गणित, गाणं-वाजवणं, सगळं व्यवस्थित आखून दिलेलं. थोरला भाऊ कॉन्स्टंटाइन (वडिलांचंच नाव, तिकडे अशी पद्धत) आणि हा, दोघांची जोडी.

वडिलांचा प्लॅन ठरलेला होता: पोरांनी कायदा शिकायचा, मुत्सद्दी व्हायचं, दरबारात आपली गादी चालवायची. आपल्याकडे इंजिनीअरिंग-मेडिकल ठरलेलं असतं, तसंच. ख्रिस्तियान १६४५ मध्ये लायडन विद्यापीठात गेला, कायदा शिकायला. तिथे गणितही शिकवायचे आणि तो गणिताकडेच ओढला गेला. वडिलांनी त्याला दामटलं असं काही झालं नाही. उलट पोराची हुशारी बघून त्यांनीच पॅरिसच्या मारँ मर्सेन नावाच्या पाद्र्याशी त्याची गाठ घालून दिली. हा मर्सेन म्हणजे त्या काळातलं चालतंबोलतं सोशल नेटवर्क. युरोपभरच्या गणितज्ञांची पत्रं त्याच्याकडे यायची आणि त्याच्याकडून पुढे जायची. त्याने सतरा वर्षांच्या या पोराला कोडी पाठवायला सुरुवात केली. त्यातलं एक असं: दोरीला टांगलेला गोळा ठीक आहे, पण एखादी काठी किंवा पत्रा टांगून हलवला तर त्याची लांबी नेमकी कुठून कुठपर्यंत धरायची? कारण काठीचं वजन एका जागी नसतं, सगळीकडे पसरलेलं असतं. हायगेन्सला तेव्हा ते सुटलं नाही. मर्सेन १६४८ मध्ये वारला. उत्तर मिळालं, पण त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

मग राजकारण फिरलं. १६५० मध्ये ऑरेंजचा राजपुत्र दुसरा विल्यम देवीने गेला, घराण्याची सत्ता गेली आणि हायगेन्सांच्या घरातल्या तरुण मुलांच्या सरकारी नोकऱ्यांचे दरवाजेही बंद झाले. ख्रिस्तियानच्या नशिबाने ही बेकारीच कामाला आली असं मला वाटतं. घरात पैसा होता, काम नव्हतं, पुढची सोळा वर्षं तो बहुतेक वेळ घरीच राहिला आणि त्याच्या आयुष्यातल्या मोठ्या गोष्टींपैकी बऱ्याचशा याच काळात झाल्या.

दोघा भावांनी भिंगं घासायला घेतली. बाजारातल्या दुर्बिणींपेक्षा चांगली दुर्बीण तयार झाली आणि मार्च १६५५ मध्ये ख्रिस्तियानला शनीजवळ एक ठिपका दिसला. तो शनीचा चंद्र, टायटन. गॅलिलिओला शनीच्या दोन्ही बाजूंना कान असल्यासारखं जे काही दिसलं होतं आणि ज्याचा उलगडा कोणालाच होत नव्हता, ती शनीला कुठेही न टेकलेली एक चपटी कडी आहे, हेही यानेच ओळखलं. २००५ च्या जानेवारीत टायटनवर जे यान उतरलं त्याला हायगेन्सचं नाव दिलेलं आहे ते यामुळे. खेळातल्या संभाव्यतेवर त्याने १६५७ मध्ये छोटं पुस्तक लिहिलं, या विषयावरचं पहिलं छापील पुस्तक. दुसऱ्या कोणाच्या आयुष्यात यातली एक गोष्ट पुरली असती. इथे मला ती पळत पळत सांगावी लागतेय, कारण लंबक वाट बघतोय.

नाताळच्या दिवशी

त्या काळची घड्याळं कशी होती? महाग, देखणी आणि बेभरवशाची. दिवसाला पंधरा मिनिटं इकडेतिकडे होणं ही सर्वसाधारण गोष्ट. मिनिटकाटा बहुतेक घड्याळांना नसायचाच. असून करणार काय? आत वजनाच्या ओढीने चाकं फिरायची आणि त्यांना अडवून धरणारा एक आडवा दांडा पुढेमागे हलायचा. त्या दांड्याला स्वतःचा असा ठेका नव्हता. ओढ वाढली की तो जोरात, तेल सुकलं की सावकाश.

लंबकाला मात्र स्वतःचा ठेका असतो आणि तो लांबीवर ठरतो. हे गॅलिलिओने आधीच सांगितलं होतं. पिसाच्या चर्चमधला झुलता दिवा बघून त्याला हे सुचलं ही गोष्ट आपण सगळ्यांनी वाचली आहे. (तिथे आज दाखवतात तो दिवा त्या गोष्टीतल्या सालानंतर बसवलेला आहे, पण असो.) गॅलिलिओने म्हातारपणी, डोळे गेल्यावर, लंबकाच्या घड्याळाची एक रचना मुलाला सांगितलीही होती. ती पुरी झाली नाही.

हायगेन्सने २५ डिसेंबर १६५६ ला पहिलं चालतं लंबकाचं घड्याळ तयार केलं. पुढच्या वर्षी हेगमधला घड्याळजी सालोमोन कोस्टर याच्या नावे त्याचा हक्क नोंदवला. दिवसाची चूक पंधरा मिनिटांवरून पंधरा सेकंदांच्या आसपास आली. मोबाइलच्या कॅमेऱ्याची क्वालिटी दरवर्षी थोडीथोडी वाढते तसं हे नव्हतं. एका फटक्यात साठपट. दोन-तीन वर्षांत गावोगावच्या मनोऱ्यांवरची जुनी घड्याळं लंबक लावून बदलायला सुरुवात झाली.

आणि लगेच भांडणंही. रॉटरडॅमच्या एका घड्याळजीने तशीच रचना स्वतःची म्हणून खपवायला काढली. फ्लॉरेन्सहून, गॅलिलिओच्या चाहत्यांकडून, कुजबुज आली की ही कल्पना तर आमच्या गुरुजींची. तिथल्या राजपुत्राने गॅलिलिओच्या घड्याळाचं चित्र पाठवून दिलं. हायगेन्सने ते बघितलं. रचना वेगळी होती आणि त्याने ती आधी पाहिलेली नव्हती, हे आज इतिहासकार मान्य करतात. त्याला मात्र चोर म्हटलं जाण्याचं दुःख बरीच वर्षं राहिलं.

दोरीची लांबी चालत्या चालत्या बदलायची

आता खरा घोळ. लंबकाचा झोका लहान असो की मोठा, वेळ सारखाच लागतो, असं गॅलिलिओ मानत होता. ते पूर्ण खरं नाही. झोका अगदी छोटा असेल तर फरक कळत नाही, पण लंबक नव्वद अंशांपर्यंत उचलून सोडला तर एका दोलनाला छोट्या झोक्यापेक्षा सुमारे अठरा टक्के जास्त वेळ लागतो. प्रॅक्टिकलला गोळा थोडाच बाजूला घ्या असं सर ओरडून सांगतात, ते यासाठी. पाच अंशांचा झोकासुद्धा दिवसाला चाळीसेक सेकंदांचा फरक पाडतो. म्हणजे झोका दिवसभर एकसारखा राहिला तर ठीक. तो कमीजास्त झाला की घड्याळही कमीजास्त. जमिनीवर हे सांभाळता येतं. हलत्या जहाजावर?

आणि हायगेन्सचा डोळा जहाजावरच होता. भर समुद्रात उत्तर-दक्षिण कुठे आहोत हे सूर्य-ताऱ्यांच्या उंचीवरून कळतं. पूर्व-पश्चिम कळत नाही. ते कळायचं तर निघालेल्या बंदरात आत्ता किती वाजलेत हे माहीत हवं. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. आपल्या डोक्यावर सूर्य आला तेव्हा घरच्या घड्याळात दोन वाजले असतील, तर आपण तीस अंश पश्चिमेला. साधं आहे. फक्त घड्याळ महिनोन्‌महिने बरोबर चाललं पाहिजे. एक मिनिट चुकलं तर पाव अंश, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे अठ्ठावीस किलोमीटर. रोज एक मिनिट चुकलं तर महिन्याभराने तुम्ही किनाऱ्यापासून लांब असल्याचं समजून रात्री खडकावर जहाज घालाल. जहाजं अशी जात होती, माणसंही जात होती. डच लोकांचं तर सगळं पोट समुद्रावर.

१६५९ च्या डिसेंबरात हायगेन्स बसला होता वेगळ्याच प्रश्नावर. वरून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात किती खाली येते? हे थेट मोजणं जवळपास अशक्य, डोळा आणि हात तेवढे चपळ नसतात. त्याने आडवाट धरली. लंबकाचं छोटं दोलन आणि त्याच्याच लांबीएवढ्या उंचीवरून पडणं, या दोन वेळांचं नातं त्याने भूमितीने शोधून काढलं. त्यात पाय आला. आज आपण लिहितो ते सूत्र हे त्याचंच बीजगणितातलं रूप. आता वस्तू पडताना बघायची गरजच उरली नाही. लंबकाची लांबी मोजा, दोलनं मोजा, गुरुत्वाचा आकडा हातात. त्याचं उत्तर आजच्या मापात ९.८ च्या आसपास येतं. आपल्या लॅबमध्ये स्टॉपवॉच असून काहींचं अकरा येतं.

पण हे करताना त्याला छोट्या झोक्याची सवलत घ्यावी लागली होती. ती त्याला खुपली. मग त्याने प्रश्न उलटा केला. गोळा वर्तुळाच्या कमानीतून गेला तर वेळ बदलतो. मग कुठल्या कमानीतून गेला तर बदलणार नाही? उत्तर निघालं चक्रज, म्हणजे सायकलॉइड. सायकलच्या टायरला चुना लावून ती भिंतीजवळून सरळ नेली तर तो ठिपका हवेत जी कमान काढेल ती. ती उलटी ठेवली की तिच्या कुठल्याही बिंदूवरून गोटी सोडा, तळाला यायला वेळ तोच. अगदी तोच.

बरं, दोरीला टांगलेला गोळा त्या कमानीतून न्यायचा कसा? दोरी तर वर्तुळच काढणार. हायगेन्सने दोरीच्या वरच्या टोकाला दोन्ही बाजूंना धातूच्या दोन वाकड्या पट्ट्या लावल्या. झोका मोठा झाला की दोरी पट्टीला चिकटत जाते, मोकळी लांबी कमी होते आणि लांबी कमी म्हणजे वारंवारता जास्त. मोठ्या झोक्याला जो उशीर होणार होता तो तिथेच भरून निघतो. आता पट्टीला आकार कुठला द्यायचा? गणित केलं तर तोही चक्रजच निघाला. मला यातलं सगळं गणित कळतं असा माझा दावा नाही, मास कॉमला ते नसतं. पण लांबी आणि ठेका यांचं नातं नुसतं सूत्रात न ठेवता, चालत्या लंबकाची लांबी प्रत्येक झोक्यात हवी तेवढी कमी-जास्त करायची, या आयडियेला सलाम करायला गणित लागत नाही.

गंमत अशी की घड्याळजींनी या पट्ट्या फार दिवस वापरल्या नाहीत. काही वर्षांत इंग्लंडमध्ये अशी कळ निघाली की लंबक अगदी थोडासाच हलून काम भागू लागलं. छोट्या झोक्यात वर्तुळ आणि चक्रज यांत फरकच राहत नाही. हायगेन्सच्या आयुष्यातली बहुधा सगळ्यात सुंदर गोष्ट बाजाराला लागलीच नाही.

आजारपणातला शोध

समुद्रावरच्या चाचण्या १६६० नंतर सुरू झाल्या. स्कॉटलंडचा अलेक्झांडर ब्रूस नावाचा सरदार यात त्याचा भागीदार होता. १६६४ मध्ये रॉबर्ट होम्स हा इंग्रज कप्तान दोन घड्याळं घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेला आणि घड्याळांमुळेच आपण केप व्हर्देच्या बेटांवर बरोबर पोचलो, बाकीच्या जहाजांचा अंदाज साफ चुकला, असं त्याने कळवलं. हायगेन्स हरखला. होम्सने तिखटमीठ लावून सांगितलं असावं, अशी शंका लंडनमध्येच लोकांना पुढे आली.

फेब्रुवारी १६६५ मध्ये तो आजारी होऊन पडला होता. तब्येत ही त्याची कायमची रड. समोर एकाच आधाराला टांगलेली ती दोन जहाजी घड्याळं. पडल्या पडल्या त्याला दिसलं की दोन्ही लंबक अगदी बरोबर उलटसुलट हलतात. एक डावीकडे तर एक उजवीकडे. त्याने एकाला धक्का देऊन ताल बिघडवला. अर्ध्या तासात पुन्हा तसेच. आधी त्याला वाटलं मधली हवा हे करतेय. मग घड्याळं लांब लांब नेली, तर ती पुढेमागे व्हायला लागली. शेवटी कळलं, ज्या आधाराला ती टांगली आहेत तो सूतभर हलतो आणि एकाचा ठेका दुसऱ्याला पोचवतो. आज याला सिंक्रोनायझेशन म्हणतात आणि काजव्यांच्या लुकलुकण्यापासून पुलावरच्या गर्दीपर्यंत सगळीकडे ते शिकवतात. त्याच्यासाठी मात्र ही वाईट बातमी होती. एका घड्याळाने दुसऱ्याची चूक पकडावी म्हणून जहाजावर दोन ठेवायची, तर ती दोघं आपसात संगनमत करत होती.

पॅरिस

१६६६ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने पॅरिसमध्ये विज्ञान अकादमी काढली आणि हायगेन्सला बोलावलं. भरपूर मानधन, राजाच्या ग्रंथालयातच राहायला जागा. पुढची पंधरा वर्षं तो तिथे होता, मधली आजारपणं सोडून. १६७० चं आजारपण इतकं मोठं होतं की आता आपण जगत नाही असं समजून त्याने अप्रकाशित कागदांची निरवानिरव करायला घेतली. उदासपणाचे झटके यायचे. आज त्याला आपण डिप्रेशन म्हटलं असतं, तेव्हा तसा शब्द नव्हता, पथ्यं होती.

बरा होऊन तो परत आला आणि १६७२ मध्ये लुईने हॉलंडवर स्वारी केली. हा खरा पेच. डच लोक त्या वर्षाला आजही आपत्तीचं वर्ष म्हणतात. ऑरेंज घराण्याचा तरुण तिसरा विल्यम लढत होता आणि त्याचा चिटणीस होता ख्रिस्तियानचा सख्खा भाऊ, लहानपणापासून भिंगं घासणारा तोच कॉन्स्टंटाइन. आणि हा? हा शत्रूच्या राजधानीत, शत्रूच्या पगारावर. तो परत गेला नाही. पुढच्या वर्षी, शिवराज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी म्हणा, त्याचा लंबकावरचा मोठा ग्रंथ ‘होरोलोजियम ऑसिलेटोरियम’ पॅरिसमध्ये छापला गेला आणि तो त्याने अर्पण केला चौदाव्या लुईला. देश जळत असताना. वाचताना मला हे टोचलं. दुसरी बाजू अशी की घड्याळाच्या चाचण्यांना पैसा आणि जहाजं त्या घडीला त्याला तिथूनच मिळत होती. घरच्यांनी संबंध तोडले नाहीत, भावाशी पत्रव्यवहार शेवटपर्यंत चालू राहिला.

त्या ग्रंथात सगळं आहे. चक्रज आहे, मर्सेनने विचारलेल्या काठीच्या कोड्याचं उत्तर आहे, वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूवरच्या बलाचे नियम आहेत, ज्यांचा पुढे न्यूटनला उपयोग झाला. आणि एक मोठं स्वप्न आहे. युरोपात तेव्हा गावागणिक फूट वेगळा. हायगेन्सने सुचवलं, बरोबर एका सेकंदाला एक टोला देणारा लंबक घ्या, त्याची लांबी जगात सगळीकडे सारखीच असणार, तिचा तिसरा भाग हा सगळ्या जगाचा फूट धरा. ती लांबी भरते ९९.४ सेंटिमीटर. मीटरच्या इतकी जवळ.

सगळीकडे सारखीच असणार. घोटाळा नेमका इथेच होता.

कायेनची चिठ्ठी

अकादमीने जाँ रिशे नावाच्या खगोलज्ञाला १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला पाठवलं होतं. विषुववृत्तापासून पाचेक अंशांवर. कामं वेगळी होती, पण पॅरिसमध्ये बरोबर लावलेलं लंबकाचं घड्याळ तिथे रोज दोन-अडीच मिनिटं मागे पडू लागलं. सेकंदाचा लंबक तिथे सव्वा रेघेने आखूड करावा लागला, आजच्या हिशेबात तीन मिलिमीटरहून कमी. रिशे परत आला तोवर हायगेन्सचं पुस्तक छापून झालेलं.

हायगेन्सने आधी विश्वास ठेवला नाही. त्यामागे जुना राग होता. याच रिशेबरोबर १६७० मध्ये त्याची घड्याळं उत्तर अमेरिकेकडे गेली होती, वादळात बंद पडली होती आणि हायगेन्सच्या मते त्याला रिशेचा निष्काळजीपणा जबाबदार होता. अशा माणसाने आणलेला तीन मिलिमीटरचा फरक कोण मानतं? पण दुसऱ्यांची मापंही तसंच सांगायला लागली.

मधल्या काळात आणखी एक लढाई झाली. १६७५ मध्ये त्याने लंबकाऐवजी बारीक गुंडाळी केलेली स्प्रिंग आणि चाक वापरून खिशातलं घड्याळ चालवून दाखवलं. लंडनहून रॉबर्ट हूक खवळून उठला की ही कल्पना माझी. पॅरिसचा ज्या घड्याळजीने ते बनवलं, त्यानेही श्रेय मागितलं. नंतरच्या काळातलं जवळजवळ प्रत्येक मनगटी घड्याळ याच स्प्रिंगवर चाललंय, बॅटरी येईपर्यंत.

१६८१ मध्ये पुन्हा आजारी पडून तो हेगला आला, तो कायमचा. दोन वर्षांनी कोल्बेर वारला. फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांचे हाल सुरू झाले आणि १६८५ मध्ये त्यांचं उरलंसुरलं संरक्षणही काढून घेतलं गेलं. प्रोटेस्टंट डच माणसाला तिथे जागा उरली नाही.

आयर्लंडच्या अंगावरून गेलेलं जहाज

आता त्याच्या मदतीला आली डच ईस्ट इंडिया कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती तीच. १६८६ मध्ये ‘आल्कमार’ जहाजावरून त्याची घड्याळं केप ऑफ गुड होपला निघाली. बरोबर थॉमस हेल्डर नावाचा, खास तयार केलेला माणूस. जाताना घड्याळांनी त्रास दिला. येताना मात्र चांगली चालली. १६८७ मध्ये नोंदी हायगेन्सच्या हातात आल्या. त्याने नकाशा घेतला आणि घड्याळांवरून जहाजाचा मार्ग आखायला सुरुवात केली.

रेघ आली ती थेट आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या जमिनीवरून. खरं जहाज त्यांना पश्चिमेकडून आणि वरून वळसा घालून आलं होतं.

एवढ्या वर्षांच्या कामाचं हे फळ बघून कुणीही कागद फाडून टाकले असते. हायगेन्सला आठवला रिशे. पृथ्वी फिरते. विषुववृत्तावरची वस्तू सगळ्यात जोरात फिरते, म्हणून ती बाहेर फेकली जाण्याकडे सगळ्यात जास्त कल आणि तेवढं तिचं वजन कमी. किती? त्याच्याच जुन्या नियमांनी गणित केलं तर २८९ मधला एक भाग. गुरुत्व कमी, म्हणजे लांबी तीच असून ठेका मंद. उष्ण पट्ट्यातून जाताना घड्याळ रोज मागे पडत गेलं. घरच्या घड्याळात कमी वाजलेले दिसले, म्हणून जहाज आहे त्याहून पूर्वेला भासलं. त्याने अक्षांशाप्रमाणे प्रत्येक दिवसाची दुरुस्ती केली आणि पुन्हा रेघ काढली. रेघ समुद्रात गेली. आयर्लंडच्या पश्चिमेने, जिथून जहाज आलं होतं तिथूनच.

म्हणजे जगाचा फूट गेला. एका सेकंदाच्या लंबकाची लांबी गावाप्रमाणे बदलते. आपल्याकडचं गणित करून बघा. पॅरिसला ती ९९.४ सेंटिमीटर, तर मुंबईला साधारण ९९.१५. पॅरिसचं घड्याळ उचलून मुंबईत आणलं तर रोज दीड मिनिटाहून जास्त मागे पडेल. शंभर वर्षांनी फ्रान्समध्ये मीटर ठरवायला बसले तेव्हा लंबकाचा पर्याय समोर होता आणि तो बाजूला पडला, त्यात हे एक कारण होतं.

त्याच साली न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ आला. विषुववृत्तावर पृथ्वी फुगलेली आहे हेही न्यूटनने हिशेबात धरलं होतं. १६८९ मध्ये हायगेन्स लंडनला जाऊन न्यूटनला भेटला. त्याचं गणित त्याने मानलं. पण दोन वस्तू मध्ये काही नसताना एकमेकींना ओढतात, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. १६९० मध्ये प्रकाशावरचं पुस्तक आलं आणि त्याला जोडून गुरुत्वावरचं टिपण, ज्यात आल्कमारच्या सफरीतून मिळालेला पुरावाही आहे.

वडील १६८७ मध्ये नव्वदीत वारले होते. भाऊ तिसऱ्या विल्यमबरोबर इंग्लंडला गेला. ख्रिस्तियान बराच काळ हेगजवळच्या फोरबर्ख गावातल्या वडिलांच्या बागेतल्या घरात एकटा राहायला लागला. कंपनीच्या दुसऱ्या सफरीत, १६९० ते ९२, घड्याळांनी निराशा केली. समुद्राला टिकणारं घड्याळ जॉन हॅरिसन नावाच्या इंग्रज सुताराने केलं, १७६० च्या सुमारास. त्यात लंबक नव्हता, चाक आणि स्प्रिंग होती.

हायगेन्सने हात टेकले नव्हते. साठी ओलांडल्यावरही तो लंबक सोडून जहाजासाठी नव्या तऱ्हेच्या तोलचाकांची चित्रं काढत होता. परग्रहांवर कोण राहत असेल, यावरही एक पुस्तक लिहून ठेवलं. ते भावाला छापायला सांगितलं, पण भाऊही ते बाहेर पडायच्या आत गेला. १६९५ च्या वसंतात तो अंथरुणाला खिळला. ८ जुलैला गेला. हेगच्या मोठ्या चर्चमध्ये वडिलांजवळ पुरला, कबरीवर नाव नाही. कागद त्याने लायडन विद्यापीठाच्या नावे केले होते. ते छापायला घेतले १८८८ मध्ये आणि बाविसावा खंड निघाला १९५० साली. तोलचाकांची चित्रं त्यात आहेत, १६५९ मधलं लंबकाचं गणितही.